सातव्या रकान्यातलं नाव

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोहोचलं. कान आणखी बिघडल्याचं वाचून वाईट वाटलं. पण त्या निमित्ताने माझ्यासारखा आळशी माणूस वर्षातून चार पत्रं तरी लिहितो. फोनवर तू ‘काय? काय?’ करतेस आणि मी ओरडतो, तेव्हा दुकानातल्या गिऱ्हाइकांना वाटतं, मी त्यांच्यावरच खेकसतोय. परवा एक बाई नव्या चष्म्याची फ्रेम हातातली टाकून निघूनच गेल्या.

मोठी बातमी अशी, की चिंगीला नोकरी लागली. इस्पितळाचीच, पण इस्पितळात बसून करायची नाही. खुब्याचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली म्हातारी माणसं घरी गेली, की त्यांच्या घरी जाऊन त्यांना पुन्हा चालायला शिकवायचं. दिवसाला सात-आठ घरं. इस्पितळाची गाडी मिळणार, ती स्वतः चालवायची. एक एप्रिलला हजर व्हायचं आणि त्या दिवशी परवाना दाखवायचा. पोरगी नुसती उड्या मारते आहे. तिच्या आईने तिच्या पांढऱ्या कोटाला आतून एक जास्तीचा खिसा शिवून दिला, किल्ली ठेवायला.

आता कामाचं. मला घरबसल्या एक नोटीस आली आहे. मोठ्या चौकात मी तांबडा दिवा ओलांडला म्हणे. ताई, पिवळा होता. माझे डोळे तू ओळखतेस, अख्ख्या गावाच्या नजरा मी तपासतो. पण कॅमेऱ्याशी कोण वाद घालणार? फोटो मागून काढलाय. गाडीचा नंबर दिसतो, आत कोण बसलंय ते दिसत नाही. सोबत फॉर्म आहे, मुदत एकोणतीस तारखेपर्यंत. त्यात सातवा रकाना: ‘त्या वेळी वाहन कोण चालवत होते?’ माझ्या नावावर आधीच नऊ दंडगुण साचलेत. आणखी तीन आले की सहा महिने परवाना बंद. चिंगीच्या नावावर जेमतेम तीन आहेत. तेव्हा तिचं नाव घालतो. तीन आणि तीन सहा, बारा व्हायला अजून अर्धा रस्ता बाकी. शिवाय नवीन मुलगी म्हणून साहेबलोक जरा मऊ वागतील. चिंगी हो म्हणाली आहे.

तुझा जन्म परवाना कचेरीच्या खिडकीत गेला, म्हणून विचारतो: रकान्यात नुसतं नाव लिहायचं, की तिच्या परवान्याची प्रतही जोडायची? सही निळ्या शाईने की काळ्या? तुला गाडी चालवता आली नाही, टपालपेटीला धडक देऊन तू आमचं मनोरंजन तेवढं केलंस. पण फॉर्म भरण्यात तुझा हात कोणी धरणार नाही.

चिंगीच्या आईचा नमस्कार. लोभ आहेच, उत्तर मात्र लवकर असावं.

तुझा,
बाळ


८ मार्च

चि. बाळास,
अ. उ. आ.

निळ्या शाईने.

एवढंच उत्तर तुला हवं होतं, ते दिलं. आता तू न विचारलेलं लिहिते.

छत्तीस वर्षं मी खिडकी क्रमांक तीनमध्ये बसले. तेवढ्या काळात तांबड्या दिव्यातून गेलेला एकही माणूस माझ्यासमोर आला नाही. सगळे पिवळ्यातूनच गेलेले. वेगात जाणारा कोणी आला नाही, सगळ्यांचे काटे बिघडलेले. एकाला नेमकी शिंक आली होती. एकाच्या बायकोला त्याच वर्षी तीनदा कळा सुटल्या आणि बाळ काही झालं नाही. एकाने सांगितलं, पाय ब्रेकवरच होता पण बूट नवा होता. मी सगळ्यांना ‘खाली सही करा’ म्हणायचे. दुपारी डबा खाताना आम्ही चौघीजणी त्यांच्या नकला करून हसायचो. तुझं पत्र मी डब्याच्या वेळेला वाचलं आणि फार दिवसांनी त्या चौघींची आठवण झाली. त्यांना वाचून दाखवता आलं असतं तर बरं झालं असतं. गावाच्या नजरा तपासणारा माणूस आणि त्याला भोपळ्याएवढा तांबडा दिवा पिवळा दिसतो! दुकानावरची पाटी उतरव आणि आधी स्वतः त्या खुर्चीत बस.

पण माझ्या खिडकीवर सगळ्यात केविलवाणे कोण यायचे, माहीत आहे? सातव्या रकान्यातले. पंचेचाळिशीचा गृहस्थ, शेजारी वीस वर्षांची मुलगी किंवा मुलगा. गृहस्थच बोलणार. पोर जमिनीकडे बघणार. मी पोराला विचारायचे, त्या दिवशी गाडी कोणता रस्ता धरून आली? पोर बापाकडे बघायचं. तू आता त्या गृहस्थांत जाऊन बसला आहेस, फक्त त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी म्हातारा होऊन.

आता नीट वाच, चष्मा लावून. बारा दंडगुण जुन्या चालकाला. परवाना मिळून दोन वर्षं झाली नाहीत, त्याला फक्त सहा. सहावा गुण चढला, की परवाना बंद नव्हे, रद्द. सिग्नल तोडला तर तीन, वेगाचे तीन, पट्टा बांधला नाही तर दोन. गाडी चालवताना फोन कानाला लावला तर एकदम सहा, म्हणजे नव्या माणसाचा परवाना एका ‘हॅलो’त गेला. आणि दंड भरून तो परत मिळत नाही. पुन्हा शिकाऊ परवाना, पुन्हा काचेवर लाल पाटी, लेखी परीक्षा, रस्त्यावरची परीक्षा. तारखा मिळून सात-आठ महिने सहज जातात. नवीन म्हणून मऊ वागत नाहीत, बाळ. नवीन म्हणूनच कडक वागतात. वाईट सवय लागायच्या आत चांगली लावायची असते म्हणून.

तुझे तीन आणि तिचे तीन म्हणजे बरोबर सहा. बेरीज तुला येते, पण ती कोणाच्या पाटीवर मांडायची हे कळत नाही. तिची नोकरी एक तारखेला सुरू होणार आणि तू तिचा परवाना त्याच्या आधी बुडवणार, तोही स्वतःचे सहा महिने वाचवायला. फॉर्म पाठवू नकोस. सातव्या रकान्यात तुझं नाव लिही. निळ्या शाईने.

चिंगीला नोकरीबद्दल माझ्याकडून पोटभर शाबासकी. त्या खिशाची कल्पना मला फार आवडली, असं तिच्या आईला सांग.

लोभ असावा, वेग नसावा.

तुझी,
ताई


१२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. डब्याच्या वेळेला हसलीस हे वाचून बरं वाटलं. या वयात पचनाला चांगलं.

तुला निवृत्त होऊन सात वर्षं झाली. तुझ्या वेळचे नियम तुझ्याबरोबरच निवृत्त झाले असतील, हा विचार शिवलाच नाही का तुला? मी आमच्या गॅरेजवाल्याला विचारलं. त्याचा दिवस गाड्यांखाली जातो. तो म्हणाला, बारा म्हणजे बारा, सगळ्यांना सारखे. खिडकीत बसून कागदाला शिक्के मारणाऱ्या माणसापेक्षा त्याला जास्त कळतं, असं मला वाटलं तर रागावू नकोस. उंटावरून शेळ्या हाकण्याचं तुझ्या खात्याचं कसब जुनंच आहे. तुमच्यातल्या निम्म्यांना तर गाडीचं चाक फिरवता येत नव्हतं. त्यातली एक माझी बहीण, जिने आयुष्यात चार महिने गाडी चालवली आणि शेवटी टपालपेटीशी भांडण केलं. अण्णा नेहमी म्हणायचे, ताईचं गाडीचं काम नव्हे, ती हळवी आहे. मी पस्तीस वर्षं गाडी चालवतोय, अंगाला ओरखडा नाही. ते नऊ गुण सगळे कॅमेऱ्याचे, माणसाने एकही दिलेला नाही.

तुझ्या माहितीसाठी, फॉर्म मी नऊ तारखेलाच टाकला. तुझं पत्र अकराला आलं. चिंगीने हसत सही केली. बापासाठी एवढंही करू नये की काय पोरीने? मला गाडी लागते. काचा आणायला आठवड्यातून दोनदा कारखान्यापर्यंत जावं लागतं. सहा महिने काय त्या काचा पिशवीत घालून बसने आणू, फोडायला?

तेव्हा विषय संपला. उगाच पोरीच्या डोक्यात काही भरवू नकोस.

लोभ कमी होऊ देऊ नये, उपदेश कमी करावा.

तुझा,
बाळ


१३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आत्या, हे पत्र मी बाबांना न सांगता लिहिते आहे. तुझं अक्षर पाकिटावर पाहिलं आणि बाबा ते पत्र वाचून खिशात कोंबून फिरायला गेले, तेव्हाच कळलं की काहीतरी झालंय. बाबा कधी फिरायला जात नाहीत.

मग परवान्याबरोबर मिळालेली ती पुस्तिका शोधली. आमच्या गाडी शिकवणाऱ्या सरांनी दंडाची यादी पाठ करून घेतली होती. हे केलं की इतके गुण, ते केलं की तितके. मला झोपेतसुद्धा म्हणता येते. पण शेवटून दुसऱ्या पानावर ‘नव्या चालकांसाठी’ असं लिहिलंय आणि ते पान दुसऱ्याला चिकटलेलंच होतं. मी नखाने सोडवलं. सहा, आत्या. माझे तीन तुला माहीत आहेत. शाळेपाशी चाळीसच्या रस्त्यावर बावन्नने गेले होते, परवाना मिळून दोन महिने झाले नव्हते. ते माझे होते, मी भरले, रडलेसुद्धा.

सही मी दुकानात केली. बाबा एका आजोबांची नजर तपासत होते. आजोबा म्हणत होते, खालची ओळ काही दिसत नाही हो. बाबांनी त्यांच्या डोळ्यावरची काच बदलता बदलता मला खुणेने कागद दाखवला, सही कर. फॉर्मच्या खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. मीही ती वाचली नाही. मी हसत होते हे खरं आहे. बाबांनी माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि मला मोठं झाल्यासारखं वाटलं.

आणखी एक आहे. त्या दिवशी अकरा वाजून दहा मिनिटांनी, जी वेळ फोटोवर आहे, मी इस्पितळात होते. नव्या लोकांचं तीन दिवसांचं शिक्षण होतं. हजेरीच्या वहीत वेळ लिहून सही करावी लागते. माझी वेळ अकरा पाच आहे.

मी ठरवलंय की गप्प बसावं. इस्पितळाला सांगेन की मला जरा उशिरा घ्या. बाबांचं गाडीशिवाय फार अडतं. आणि आता त्यांना सांगितलं की ते चुकले, तर त्यांना किती लागेल! ते कधी चुकत नाहीत ना, सवय नाही त्यांना. पण ज्या आजींकडे मला पहिल्या दिवशी जायचंय, त्यांची चिठ्ठीसुद्धा मिळाली आहे. खुबा बदललाय, तिसरा मजला, मुलगा दूर असतो. त्यांना अंथरुणापासून खिडकीपर्यंत चालायचंय, एवढीच त्यांची इच्छा लिहिली आहे. माझ्या जागी दुसरं कोणी जाईल, त्यांचं काही अडणार नाही. हे मी स्वतःला दिवसातून दहा वेळा सांगते.

बाबांना न कळता काही करता येईल का? तू त्या ऑफिसात होतीस. कोणाला चिठ्ठी देशील का?

तुझी टपालपेटीची गोष्ट आठवून लहानपणी मी किती हसायचे! आता हसू येत नाही. तुला तेव्हा किती भीती वाटली असेल.

लोभ आहे हे मला माहीत आहे, तरी पत्रात मागून ठेवते.

तुझी,
चिंगी


१६ मार्च

चि. चिंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद आणि त्यावर आणखी एक.

चिठ्ठी मी देणार नाही. देता येणार नाही म्हणून नव्हे. त्या खिडकीत आज बसते ती मुलगी माझ्याच हाताखाली शिकली. पण दुसऱ्याची चूक तिसऱ्याने चौथ्याला चिठ्ठी देऊन निस्तरली, तर ती चूक करणारा सुखाने जेवत राहतो. ते मी एकदा पाहिलंय.

करता येण्यासारखी गोष्ट एकच आहे आणि ती तुझ्या हातात नाही. नोटिशीची मुदत एकोणतीस तारखेपर्यंत आहे. त्या दिवशी खिडकी बंद व्हायच्या आत, खरोखर गाडी चालवणारा माणूस स्वतः, आपला परवाना घेऊन गेला आणि लिहून दिलं, तर पहिला फॉर्म रद्द होतो. मग तुझ्या नावावर चढलेलं दोन-तीन दिवसांत उतरवतात, एक तारखेपर्यंत तुझे जुने तीनच उरतात. खोटं लिहून घेतल्याचं जे काय व्हायचं ते घेणाऱ्याचं होतं. तू सही केलीस म्हणून तुलाही समज देतील, ती मान खाली घालून ऐकून घे. ती तुझी आहे.

बाबांना विनवू नकोस. रडू नकोस. उशिरा घ्या म्हणून इस्पितळात जाऊ नकोस. हजेरीच्या वहीतली सही तुझी आहे आणि फॉर्मवरची सहीही तुझीच आहे, दोन ठिकाणी एका वेळी माणूस नसतो. हे ज्या दिवशी कोणी शेजारी शेजारी ठेवून बघेल, त्या दिवशी परवान्यापेक्षा मोठं काहीतरी जाईल. म्हणून ‘गप्प बसेन’ हा उदारपणा पुरे. उदार मुली घरादाराला फार आवडतात, त्यांच्यावरच्या गमती वर्षानुवर्षं सांगितल्या जातात.

बाबांना मी वेगळं लिहिलं आहे, ते याच टपालाने येईल. त्यांना ते दुकानात नेऊन दे आणि तू तिथे थांबू नकोस.

आणि त्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना खिडकीपर्यंत तूच ने. मला त्या खिडकीतून काय दिसतं ते सविस्तर कळवायचं आहेस.

माझा लोभ मागून ठेवायची गरज नाही, तो तुझ्या नावावर जन्मापासून जमा आहे.

तुझी,
आत्या


१६ मार्च

चि. बाळास,
आशीर्वाद. अनेक आणि उत्तम या वेळी राहू देत, एक साधा पुरे.

‘विषय संपला’ असं लिहिलंस. तुझे विषय नेहमी दुसऱ्याच्या सहीने संपतात.

गॅरेजवाल्याला नियम विचारलेस, ते ठीक. माझा दात दुखला की मी गवंड्याकडे जाते. चिंगीने ती पुस्तिका आता उघडली आहे, शेवटून दुसरं पान. सहा. तिला कळलं आहे आणि ती तुला बोलत नाही, कारण तुला लागेल असं तिला वाटतं. चोवीस वर्षांची पोर एकसष्ट वर्षांच्या घोड्याला लागेल म्हणून जपते आहे. थोडी लाज वाटली तर तब्येतीला बरं असतं.

टपालपेटीचा विनोद तू दोन पत्रांत दोनदा केलास. तू तो लग्नकार्यांत केलास, अण्णांच्या आजारपणात पाहुण्यांना रिझवायला केलास, चिंगीला मांडीवर घेऊन केलास. माझा तक्रारीचा स्वभाव नाही. पण तू तो नेहमी मधूनच सुरू करतोस, म्हणून एकदा पहिल्यापासून सांगते.

गाडी अण्णांची, फिकट हिरवी, मागच्या सीटला उसवलेला कोपरा. दुपारचे चार. अण्णा झोपले होते, किल्ली दारामागच्या खुंटीवर होती. तू अठरा वर्षांचा, परवाना नव्हता. मी बावीसची, परवाना मिळून चार महिने झालेले. मी न्हाऊन मागच्या अंगणात केस वाळवत बसले होते. गाडी सुरू झालेली मी ऐकली, तेव्हा माझे कान चांगले होते. अर्ध्या तासाने तू पायी परत आलास, कपाळावर हे एवढं टेंगूळ. टपालपेटी वाकली होती, गाडीचा दिवा फुटला होता, आणि समोरच्या दुकानदाराने पोलीस चौकीत कळवलं होतं. तुला त्या महिन्यात चष्म्याच्या शाळेत प्रवेश मिळाला होता आणि चारित्र्याचा दाखला लागणार होता. अण्णा म्हणाले, “मुलाचं वर्ष जाईल. मुलीचं काय जातंय?” माझ्याकडे बघून नाही म्हणाले, भिंतीकडे बघून म्हणाले. तेवढी लाज त्यांना होती.

मी ओल्या केसांनी तुझ्याबरोबर चौकीत गेले. तिथल्या हवालदाराने माझ्या केसांकडे पाहिलं, मग तुझ्या टेंगळाकडे पाहिलं, आणि चालकाच्या जागी माझं नाव लिहिलं. लोकांना सगळं दिसतं, बाळ. फोटो पुढून काढलेला लागत नाही.

तेव्हा दंडगुण नव्हते. पहिल्या वर्षात अपघात झाला की परवाना सरळ जमा. आणि माझं काय गेलं ते आता सांगते, कारण तू कधी विचारलं नाहीस. मला फिरत्या वाचनालयाची नोकरी मिळाली होती. मोठी गाडी, आत दोन्ही बाजूंना पुस्तकांची फळकुटं. ती मीच चालवायची, मीच पुस्तकं द्यायची. अकरा थांबे होते. त्यांचा क्रम मी पाठ केला होता, अजून पाठ आहे. शाळेतल्या सिस्टरनी त्या गाडीच्या दर्शनी काचेसाठी पाटी लिहायला मला त्यांची बोरूची लेखणी दिली होती. हजर व्हायच्या नऊ दिवस आधी मी परवाना जमा करायला खिडकी क्रमांक तीनवर गेले. आतल्या गृहस्थांनी माझी सही पाहिली आणि विचारलं, अक्षर छान आहे, आमच्याकडे जागा रिकामी आहे, येता का? मी आत गेले आणि छत्तीस वर्षांनी बाहेर आले. परवाना पुन्हा काढता आला असता. पण वाचनालयाची गाडी तोवर दुसऱ्याला मिळाली होती. मग मला गाडीने जायचं तरी कुठे होतं?

मला भीती वाटत होती म्हणून मी गाडी सोडली, हे तू इतके वेळा सांगितलंस, की मलाही कधी कधी तसंच वाटायचं.

आता तुझी बाजू. एकोणतीस तारखेच्या आत तू स्वतः जाऊन लिहून दिलंस, तर तुझे बारा भरतील. शिवाय खोटा जबाब दिल्याबद्दल सहा महिन्यांऐवजी एक वर्ष परवाना बंद. तुझ्या काचा तुला बसने आणाव्या लागतील, फोडायला. हे मी मुद्दाम आधी सांगते, नंतर ‘ताईने फसवलं’ म्हणू नकोस. तू गेला नाहीस, तर चिंगीची नोकरी जाईल, आणि त्या वेळी ती इस्पितळाच्या हजेरीत होती हे कोणाच्या लक्षात आलं तर नावही जाईल. वीस-तीस वर्षांनी तू तिच्या मुलांना मांडीवर घेऊन सांगशील, की तुमच्या आईला सिग्नलचे रंग कळत नव्हते.

त्या ऑफिसात मला अजून ओळखतात. एका चिठ्ठीचं काम आहे. ती मी लिहिणार नाही. तुझ्या जागी एकदा जाऊन आले, तेवढं पुरे झालं.

लोभाचं तू ठरव.

ताई


२२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चिंगीने पत्र आणून दिलं आणि ती थांबली नाही. मी दुकानाचं दार आतून लावलं. गिऱ्हाईक बसतं त्या खुर्चीत बसून वाचलं.

टेंगूळ मला आठवत होतं. ते कशाने आलं ते आठवत नव्हतं. खरंच नव्हतं, ताई. हे तुला पटणार नाही, आणि पटू नये. इतक्या वेळा सांगितल्यावर त्या गोष्टीत गाडीत तूच बसलेली मला दिसायचीस. ओले केस मात्र त्यात कधीच नव्हते.

दोन दिवस मी चिंगीशी बोललो नाही. रागावलो होतो, कोणावर ते विचारू नकोस. काल तिला समोर बसवून सांगितलं. या वेळचं आणि त्या वेळचंही. दोन्ही वेळा गाडी मीच चालवत होतो. ती उठली. कोट आणला आणि मला तो आतला खिसा दाखवला. मला वाटतं, ती अजून माझ्यावर रागावलेली आहे. तिची आई तर तुझ्या बाजूने लढायला कधीपासून तयारच बसली होती, आता तिला बोलायला कारण मिळालं.

दिव्याबद्दल मी इथे एक ओळ लिहिली होती, ती खोडली आहे. उजेडात धरून वाचू नकोस.

सोमवारी एकोणतीस आहे. त्या दिवशी जातो. येताना माझ्याजवळ परवाना नसेल, म्हणजे गाडी तिथेच सोडून यावी लागेल. तेव्हा जातानाही ती नेण्यात अर्थ नाही. चिंगीला सोडायला सांगणार नाही, तेवढी अक्कल आली आहे. तू इथे असताना छत्तीस वर्षं घरून तिथे बसने गेलीस आणि मी एकदाही विचारलं नाही, म्हणून आता विचारतो. बस कोणती?

तुझा,
बाळ


२५ मार्च

चि. बाळास,
अ. उ. आ.

हे पत्र जलद टपालाने पाठवते आहे, शनिवारी मिळेल.

अकरा नंबरची. औषधाच्या दुकानासमोरून सव्वानऊला सुटते. सव्वानऊ म्हणजे नऊ बाविसाला, चालक चहा संपवून मगच चढतो. तू त्याच्यावर खेकसू नकोस, तो निदान दिव्याला थांबतो. सोमवारी बसायला जागा मिळत नाही, मागच्या दाराजवळचा दांडा धर. सुटे पैसे ने, नोट दिलीस तर वाहक सगळ्यांसमोर तुझी पूजा बांधेल आणि मला ते बघायला मिळणार नाही याचं वाईट वाटेल. ‘जुनी कचेरी’ म्हणून हाक मारतात तिथे उतर. दहाला खिडक्या उघडतात, पण रांग साडेनऊपासून असते.

खिडकी क्रमांक तीन. आतली मुलगी मान वर करणार नाही, तो तिचा उद्धटपणा नाही, मीच तिला तसं शिकवलं आहे. मान वर केली की लोक गोष्ट सांगायला लागतात. तू गोष्ट सांगू नकोस. पिवळा, कॅमेरा, पस्तीस वर्षं, काही नाही. परवाना काचेखालून आत सरकव आणि म्हण, “गाडी मी चालवत होतो.” घरून म्हणत जा, पहिल्यांदा जिभेला जड जातं. सही निळ्या शाईने, हे तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

चिंगीला रागावू दे. माझ्यासारखी चांगली वागली तर मात्र मला कळव, मी येऊन तिचे कान धरीन.

परत येताना बस वेगळ्या रस्त्याने वळते, कारण पुढचा रस्ता एकेरी आहे. डाव्या बाजूच्या खिडकीशी बस, त्या वेळी जागा असते. शिंप्याच्या दुकानापुढे टपालपेटी येईल. मधे दोनदा रंग दिला, पण सरळ कोणी केली नाही. ती अजून किंचित डावीकडे कललेली आहे. छत्तीस वर्षं रोज संध्याकाळी मी ती बघत घरी आले. एकदा तू बघ, आणि मग त्यातच टाकून मला पत्र लिही.

वाट बघते.

तुझी,
ताई